दगडी भिंत आणि बांबूचा कूड

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला घर बांधण्याचा योग क्वचितच येतो. त्याच्या वाट्याला येते ते कुंपण. सरकारी निवासस्थानाच्या भिंतीत खिळा ठोकायचा म्हटले तरी नियम आडवा येतो. मग खोलीला खोली जोडणे दूरच. परंतु अंगणाच्या कुंपणाविषयी नियमावली बहुधा मौन पाळते, आणि फाटकाची कडी, दोन जास्वंदी, एखादी बांबूची तट्टी एवढ्यावरच घर बांधण्याची सारी हौस भागवून घ्यावी लागते. आमचेही तसेच झाले. मात्र शिलाँगच्या आमच्या अंगणातील एका क्षुल्लक तट्टीने आम्हाला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका इतिहासापाशी नेले, आणि तो इतिहास आम्हाला फिरून आमच्याच आजोळच्या उंबरठ्यावर घेऊन आला. घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या वाचकांपैकी अनेकांची निवासस्थाने आमच्यासारखीच दुसऱ्याने बांधलेली असतील. म्हणून ही हकीकत येथे मांडतो.

२०१७ सालच्या अखेरीस आम्ही शिलाँगला रुजू झालो. निवासस्थान मिळाले ते जुन्या धाटणीचे, बैठे, उतरत्या पत्र्याच्या छपराचे. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्यांचे चौकोन उमटलेले. लांबून पाहिले तर एखाद्या हिशेबाच्या वहीचे पान वाटावे. पुढे हातभर बाग, आणि बागेभोवती चीडाच्या लाकडाचे कुंपण. खांबांना दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांवर अंतराअंतराने ठोकलेल्या उभ्या फळ्या. कुंपणापलीकडे लगेच रस्ता. येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या ओसरीवरचा चहाचा कप पाहून पुढे जाई. घरच्या मंडळींना हे रुचेना. आडोसा पाहिजे, असा आग्रह सुरू झाला, आणि सरकारी जागेत पक्के बांधकाम करण्याची सोय नसल्यामुळे लाकडी कुंपणाला आतून बांबूच्या तट्ट्या लावाव्यात असे ठरले.

योगायोग असा की, आम्ही शिलाँगला आलो त्याच सुमारास बांबूला कायद्याने नवे नाव मिळाले होते. १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते; कायदा त्याला झाड म्हणत राहिला. तो वाद नव्वद वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात निघालेल्या अध्यादेशाने आणि पाठोपाठ झालेल्या दुरुस्तीने मिटला, आणि वनक्षेत्राबाहेर उगवलेला बांबू झाड उरला नाही. वर्गीकरण चुकले की कागदाची चूक माणसाच्या पोटावर कशी येते, हे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला पुरते ठाऊक आहे. आपल्याच जंगलातील बांबू विकण्याचा वाहतूक परवाना तेथील ग्रामसभेच्या हाती २०११ साली, बऱ्याच झगड्यानंतर पडला. त्या वेळी ही बातमी आम्ही एका कारकुनाच्या कुतूहलाने वाचली होती. वर्गीकरणाची चूक आमच्याही टेबलावर येऊन बसणार आहे, याची कल्पना तेव्हा नव्हती.

शिलाँगचा मोठा बाजार, ज्याला खासी लोक 'इउदुह' म्हणतात, तो बांबूच्या वस्तूंनी भरलेला असतो. कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहायच्या निमुळत्या टोपल्या, सुपे, रोवळ्या आणि पावसात शेतात वाकून काम करणाऱ्यांसाठी केलेले कासवाच्या पाठीसारखे 'क्नुप'. ते पाहून कोकणातल्या इरल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जेथे मुसळधार पाऊस आणि बांबू हे दोन्ही आहेत, तेथे माणसाच्या बुद्धीने एकाच वस्तूचा शोध दोनदा लावला आहे. बाजारात दुकानांवर बसणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. त्यांना आदराने 'काँग' म्हणावयाचे. अशाच एका काँगकडून आम्ही चार तट्ट्या घेतल्या आणि बांधणाऱ्या माणसाची चौकशी न करता रविवारी स्वतःच हातोडी घेतली.

आमचे लहानपण सोलापुरात गेले आणि सुट्ट्या आजोळी, उमरगा तालुक्यातील एका खेड्यात. भिंत म्हणजे काय, याची आमची कल्पना तेथली होती. हालत नाही ती भिंत. त्या न्यायाने आम्ही तट्ट्या कुंपणाला घट्ट चिकटवल्या, वीतवीत अंतरावर मोठे खिळे ठोकले, खालची कड जमिनीत चार बोटे पुरली, आणि दोन तट्ट्यांमधील फटही कामट्या घालून बुजवून टाकली. काम पुरे झाल्यावर हाताने हलवून पाहिले. तसूभरही हालले नाही. आम्ही स्वतःवर खूश झालो.

२०१९ च्या एप्रिलात वळवाचा पहिला वारा सुटला. तिकडे हा वारा वर्षप्रतिपदेच्या आगेमागे येतो आणि आसामी लोक त्याला 'बोरदोइसिला' म्हणतात. माहेरी धावत निघालेली लेक, अशी त्याविषयीची लोककल्पना आहे. ती लेक आमच्या अंगणातून गेली तेव्हा तट्ट्याच नव्हे, तर त्यांनी शिडासारखे धरलेले लाकडी कुंपणही अर्धे आडवे झाले. प्रत्येक खिळ्यापाशी बांबू उभा चिरला होता. जमिनीत पुरलेली कड ओलीने काळी पडून तिला वाळवी लागली होती. शिवाय बाजारात घेतलेला माल आम्ही पारखून घेतला नव्हता. कामट्यांतून पिवळट भुकटी गळत होती. म्हणजे बांबू हिवाळ्यात तोडलेला नव्हता आणि पाण्यात भिजवून त्यातील गोडवाही काढलेला नव्हता. त्यामुळे त्याला भुंग्याने पोखरले होते.

शेजाऱ्यांनी एका वृद्ध खासी कारागिराला बोलावून आणले. सारे त्यांना 'बाह' या आदरार्थी शब्दाने हाक मारीत. आम्हीही तसेच म्हणू लागलो. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचा संवाद होई. त्यांनी पडलेल्या कुंपणाकडे पाहिले, एक खिळा उपटून हातात घेतला आणि एवढेच विचारले, "बाबू, हे तुम्ही केले? वारा कुठून जाईल?" आम्ही निरुत्तर झालो.

पुढचे दोन दिवस आम्ही त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. त्यांनी प्रथम लाकडी खांब सरळ केले. कारण टेकू वाकडा असेल तर त्याला बांधलेले सरळ राहत नाही. तट्टी वरच्या आडव्या पट्टीला टांगल्यासारखी लावली, आणि खालची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवली. कामट्यांची सालीकडची गुळगुळीत बाजू पावसाच्या तोंडी केली. खिळा जवळजवळ नाहीच. वेताच्या ओल्या फितीने तिरपे वेढे देऊन बांधणी केली, कारण ओली फीत वाळताना आपोआप आवळली जाते. प्रत्येक गाठ बांबूच्या पेराच्या फुगीर कड्याला लागून घेतली, म्हणजे ती घसरत नाही. जेथे खिळ्यावाचून गत्यंतर नव्हते तेथे आधी गिरमिटाने भोक पाडले आणि तेही खिळ्याहून सैल. दोन तट्ट्यांच्या मध्ये बोटभर फट राखली. अखेरीस त्यांनी तट्टीला हात लावला. ती हलकेच कुरकुरली, मागेपुढे झाली आणि पुन्हा जागेवर आली. आम्ही म्हणालो, "बाह, ही हालते आहे." ते म्हणाले, "हालते म्हणूनच राहील." मग ओसरीवर चहा घेताना भिंतीच्या एका कोपऱ्यातील ढपला उडालेल्या जागेकडे बोट दाखवून ते सहज म्हणाले, "तुमचे घरही असेच आहे की."

आम्ही जवळ जाऊन पाहिले. गिलाव्याच्या आत विटा नव्हत्या, दगड नव्हते. लाकडाच्या चौकटीत उभे बसवलेले बोरूसारखे देठ होते, आणि त्यांना आडव्या बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. दोन वर्षे ज्या घरात आम्ही निर्धास्त झोपत होतो, ते गवताचे होते! खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. परंतु त्यानंतरचे कित्येक शनिवार आम्ही ग्रंथालयात घालवले, आणि हे घर असे का, याचे उत्तर आम्हाला एका तारखेत सापडले. ती तारीख म्हणजे १२ जून १८९७.

१८९७ चा जून म्हटला की मराठी माणसाला २२ तारीख आठवते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक त्रासले होते, आणि राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर त्या रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या महिन्याचे एवढेच पान आहे. त्याच्या नेमक्या दहा दिवस आधी, शनिवारी, सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला जे घडले ते आमच्या पुस्तकांत कधी आले नाही. शिलाँगच्या पठाराखालची भूमी हादरली, आणि जगाच्या नोंदीतील अतिप्रचंड भूकंपांपैकी एक होऊन गेला. आधुनिक अभ्यासक त्याची तीव्रता आठाच्या वर धरतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पठाराची उत्तरेकडील कड त्या काही क्षणांत ११ मीटर किंवा त्याहूनही अधिक वर उचलली गेली. सुमारे साडेसतरा लाख चौरस मैलांच्या टापूत हा धक्का जाणवला. कलकत्त्यातील इमारतींनाही इजा पोहोचली.

शिलाँग हे १८७४ पासून आसामच्या चीफ कमिशनरचे ठाणे होते. वीस-बावीस वर्षांत साहेबांनी तेथे आपल्या मायदेशाच्या आठवणीप्रमाणे दगडी कचेऱ्या, दगडी चर्च आणि दगडी बंगले उभे केले होते. ते पहिल्या काही सेकंदांतच जमीनदोस्त झाले. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने या भूकंपाची जी पाहणी केली, ती १८९९ साली त्या खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली, आणि भूकंपाचा अभ्यास कसा करावा याचा ती पुढे वस्तुपाठ ठरली. जमिनीत रुतलेले धोंडे आपल्या खोबणीच्या कडांना न खरवडता वर उडाले होते, अशा त्यांच्या नोंदी आजही वाचणाऱ्याला थक्क करतात. युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या या धक्क्याच्या रेषा तपासताना भूकंपाच्या निरनिराळ्या लहरी निरनिराळ्या वेगाने प्रवास करतात, हे त्यांना स्पष्ट दिसले. आणि त्याच वाटेने पुढे जाऊन १९०६ साली त्यांनी पृथ्वीला निराळा गाभा असल्याचे दाखवून दिले. शिलाँगची घरे पडली तेव्हा पृथ्वीच्या पोटाचे पहिले दार किलकिले झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

मृतांची संख्या सुमारे दीड हजार होती, आणि त्यांतील बरेच जण चेरापुंजीच्या बाजूला डोंगरकडे कोसळून गेले. धक्क्याच्या मानाने ही संख्या कमी वाटते, तिची कारणे दोन. एक, वेळ दिवेलागणीपूर्वीची होती आणि पुष्कळ लोक घराबाहेर होते. दुसरे, त्या प्रदेशातील सामान्य माणसाचे घर दगडाचे नव्हते.

हे दुसरे कारण त्या वेळच्या पाहणीत फार नेमके नोंदलेले आहे. शिलाँगमध्ये तेव्हा तीन प्रकारची घरे होती. दगडी इमारती साऱ्या कोसळल्या. लाकडी सांगाड्यात 'इकरा' नावाचे बोरूसारखे गवत बसवून त्यावर गिलावा केलेली घरे सुमारे निम्मी मोडली. तिसरा प्रकार लाकडी चौकटीला फळ्या मारलेल्या घरांचा. ही घरे जमिनीत न पुरता नुसती जमिनीवर टेकवलेली होती, आणि त्यांना काहीही झाले नाही. वाचकांनी क्षणभर थांबून हा क्रम पाहावा. जे जितके वजनदार आणि जमिनीशी जितके जखडलेले, ते तितके अधिक मोडले. भूमी हालली की इमारतीवर येणारा जोर इमारतीच्या स्वतःच्या वजनाच्या प्रमाणात असतो, हे यंत्रशास्त्राचे साधे तत्त्व आहे. दगडी भिंतीला तिचेच वजन मारते.

येथल्या मूळ रहिवाशांच्या रीतिभातींत या संदर्भात एक विलक्षण गोष्ट सापडते. गर्डन यांनी १९०७ साली खासी लोकांवर जो ग्रंथ लिहिला त्यात घरबांधणीचे निषेध दिले आहेत. खासी भाषेत निषिद्ध गोष्टीला 'सांग' म्हणतात. चारही बाजूंनी दगडी भिंती असलेले घर बांधणे सांग. घराच्या बांधणीत खिळा वापरणे सांग. ओळी वाचताच आम्हाला बाहच्या हातातील तो उपटलेला खिळा आठवला. आम्ही हातोडी घेऊन जे केले ते त्यांच्या आजोबांच्या काळी पापच ठरले असते.

भूकंपानंतर शिलाँग पुन्हा उभारले गेले ते निराळ्या पद्धतीने. या पद्धतीचा कोणी एकच जनक नाही. इकरा, बांबू, शेणमातीचा गिलावा हे सारे लोकांच्या हातात आधीपासूनच होते. सरकारी अभियंत्यांनी त्याला मोजमाप आणि शिस्त दिली. खाली विटांचे किंवा दगडाचे जोते, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत बांधकाम, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. खांब जमिनीत पुरून कुजू देण्याऐवजी जोत्यावर बसवून लोखंडी पट्ट्यांनी आवळण्याची रीत पडली. सांगाड्याच्या चौकोनांत इकऱ्याचे देठ आणि बांबूच्या कामट्या, दोन्ही अंगांनी पातळ गिलावा, आणि वर उतरता पत्रा. भिंत अशी की एका माणसाने उचलावी. हीच बांधणी पुढे 'आसाम टाइप' या नावाने प्रसिद्ध झाली, आणि शाळा, कचेऱ्या, रुग्णालये, चहामळ्यांतील बंगले, रेल्वेची घरे अशी सर्वत्र पसरली. दगडाच्या अभिमानाने आलेल्या साम्राज्याला गवताच्या भिंतीत बसून कारभार करावा लागला, ही इतिहासाची गंमत खरी. पण नुसती गंमत म्हणून ती सोडून देण्यासारखी नाही. राज्यकर्त्यांनी येथे पराभव मान्य केला आणि स्थानिक माणसाकडून धडा घेतला. असे प्रसंग त्या राजवटीत फार थोडे आले.

या बांधणीची पुढची मोठी कसोटी १५ ऑगस्ट १९५० रोजी लागली. स्वातंत्र्याचा तिसरा वाढदिवस साजरा करून लोक घरी परतले होते, आणि रात्री पावणेआठच्या सुमारास आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीवर झालेल्या भूकंपांत याहून तीव्र धक्का यंत्रांनी क्वचितच नोंदला असेल. डोंगर कोसळून नद्या अडल्या. सुबनसिरीचा असाच एक नैसर्गिक बांध काही दिवसांनी फुटून गावेच्या गावे वाहून गेली. त्या आपत्तीत दरडी आणि पुरांनी फार माणसे नेली. मात्र हलक्या भिंतींखाली माणूस चिरडण्याचे प्रसंग त्या मानाने विरळ राहिले. अलीकडे १८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीममध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हाही पाहणीस गेलेल्या अभियंत्यांनी इकऱ्याची जुनी घरे चांगली तगल्याचे नमूद केले आहे.

ग्रंथालयातील आमच्या टिपणांची वही येथपर्यंत आली, तेव्हा आमच्या ध्यानात आले की आपण एका तारखेला वळसा घालून पुढे चाललो आहो. ती तारीख शिलाँगची नव्हती.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे होती. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. सोलापुरात आमच्या घराची भांडी मांडणीवरून खाली आली आणि वडिलांनी आम्हाला उचलून रस्त्यावर आणले. सकाळी किल्लारीचे नाव ऐकू आले. दुपारपर्यंत आईच्या गावाचे.

भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. आसामच्या दोन्ही भूकंपांच्या तुलनेत ती काहीच नव्हे; त्यांतून सुटलेली शक्ती शेकडो पटींनी अधिक होती. तरीही लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. ती धरणीने नेली नाहीत, घरांनी नेली. आमच्या आजोळचे घर त्या भागातल्या चांगल्या घरांपैकी एक होते. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या अडीच फुटी भिंती, आत लाकडी खण, आणि वर मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. जुना कोणी काढीत नसे. आजोबा त्या भिंतीवर थाप मारून म्हणत, "हिला सात पिढ्या काही व्हायचं नाही." उन्हाळ्यात ती भिंत गार, थंडीत उबदार, आणि चोरालाही तिला खिंडार पाडता येत नसे. उष्णतेचा, चोराचा आणि पावसाचा विचार त्या बांधणीने केला होता. फक्त धरणी हालेल असा विचार कोणाच्या मनात आला नव्हता, कारण कोणाच्या आठवणीत ती हालली नव्हती.

आजी त्या भिंतीखाली गेली. मामा वाचले. ते विसर्जनाहून मध्यरात्री परतले होते आणि दार वाजवून म्हातारीची झोप मोडायला नको म्हणून परड्यातल्या शेळ्यांच्या खोपटात जाऊन निजले होते. ते खोपट म्हणजे तुराट्यांचा कूड, शेणमातीने लिंपलेला, वर पाचटाचे छप्पर. जागे झाले तेव्हा खोपट डोलत होते आणि शेळ्या ओरडत होत्या. आम्ही आठ दिवसांनी गेलो तेव्हा घराचा दगडांचा ढीग झाला होता. त्यातून लाकडी खणांचे दोन खांब सरळ वर आलेले होते, आणि परड्यात खोपट जसेच्या तसे उभे होते. कुडाचा थोडा पोपडा उडाला होता इतकेच. त्या खोपटाकडे पाहून मामा जे म्हणाले ते आम्हाला आजही ऐकू येते: "पक्क्या घरात आईला ठेवलं, अन् कच्च्यात मी निजलो."

पुरात मोठी झाडे जातात आणि लव्हाळे राहते, हा दाखला मराठी माणसाला तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. आम्ही तो नम्रतेचा उपदेश म्हणून पाठ केला. घरबांधणीचा म्हणून कोणी वाचला नाही. तसा तो वाचावयास आसामच्या लोकांना १८९७ चा भूकंप झाला आणि आम्हाला १९९३ चा.

येथे एक खुलासा केला पाहिजे. दगड वाईट आणि गवत चांगले, किंवा सिमेंट वाईट आणि बांबू चांगला, असे आमचे म्हणणे नाही. १८९७ मध्ये इकऱ्याचीही निम्मी घरे मोडली, हे वर आलेच आहे. नीट गज घालून, नियमांप्रमाणे बांधलेले काँक्रीटचे घर भूकंपात उत्तम टिकते; भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १९६२ पासून अस्तित्वात आहे. दगडी भिंतीतही आरपार जाणारे बांधदगड आणि सभोवती पट्टा घातला तर ती पुष्कळ सुधारते. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली तेव्हा ही चर्चा गावोगाव झाली. आमचे म्हणणे एवढेच आहे की 'पक्के' आणि 'कच्चे' हे दोन शब्द आपण फार बेफिकिरीने वापरतो. कशासाठी पक्के, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या शब्दांना अर्थ नाही.

२८ एप्रिल २०२१ ची सकाळ. पावणेआठ वाजून गेले होते. महामारीचे दिवस, सारे घरीच. आसामातील सोनितपूर भागात भूकंप झाला; ६.४ तीव्रता दुपारी कळली. आमचे घर कुरकुरले. छताच्या तुळया करकरल्या, दिवा झोके घेऊ लागला, भिंतीच्या चौकोनांतून गिलाव्याचे थोडे पीठ पडले. सात वर्षांच्या वयापासून जी भीती आमच्या पोटात होती ती एकदम घशाशी आली, आणि आम्ही मुलीला उचलून अंगणात धावलो. तेथे कुंपणाची तट्टी पानासारखी थरथरत होती. मग थांबली. आम्ही घराकडे पाहिले. तेही थांबले होते. भिंतीवर केसाएवढी एक चीर, दुसरे काही नाही. बाहचे वाक्य त्या वेळी आम्हाला खऱ्या अर्थाने समजले.

आणि त्याच वर्षी आमच्या टेबलावर एक नस्ती आली. जुनी निवासस्थाने पाडून त्या जागी बहुमजली इमारत उभारण्याचा तो प्रस्ताव होता. सोबतच्या तक्त्यात एक रकाना होता, 'भिंतीचा प्रकार', आणि त्यात आमच्या घरासह साऱ्या घरांपुढे एकच शब्द भरला होता: 'कच्ची'. शब्द भरणाऱ्याचा दोष नव्हता. जनगणनेच्या वर्गीकरणातही गवत आणि बांबू हे तात्पुरते साहित्यच मानले जाते, आणि छापील तक्त्यात तिसरा पर्याय नसतो. शिवाय शहरात जागा उरलेली नाही, माणसे वाढली आहेत, लाकूड महागले आहे. चार कुटुंबांच्या जागेत चाळीस कुटुंबांची सोय व्हावी, यात गैर काय? आम्ही टिप्पणी लिहावयास बसलो. कारकुनाने मत द्यावयाचे नसते. त्याने प्रकरणातील वस्तुस्थिती मांडावयाची असते. म्हणून आम्ही वस्तुस्थिती मांडली. या भिंती १८९७ च्या भूकंपानंतर जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या बांधणीच्या आहेत. या टापूची गणना देशातील सर्वांत धोक्याच्या भूकंपप्रवण क्षेत्रात होते. तरी पाडण्यापूर्वी या घरांची आणि बांधण्यापूर्वी नव्या नकाशाची भूकंपाच्या दृष्टीने तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, असे नम्रपणे सुचविण्यात येत आहे. तीन वाक्ये. त्यांत आजीचा उल्लेख अर्थातच नव्हता.

नस्ती वर गेली. वरून एकाच ओळीचा शेरा आला, की तपासणीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचा ते स्पष्ट करावे. त्याचे उत्तर आम्ही पाठवले आहे. पुढे काय होईल ते आम्ही जाणत नाही. नस्तीचा प्रवास आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावा!

वेताच्या फिती दर दोन-तीन पावसाळ्यांनी बदलाव्या लागतात. बाह आता थकले आहेत. त्यांचा नातू शहरात मोटार चालवतो. गेल्या हिवाळ्यात गाठी आम्हीच बांधल्या. घरच्या मंडळींनी फीत भिजवून दिली, मुलीने पेरे मोजली. काम पुरे झाल्यावर आम्ही तट्टीला हात लावून पाहिला. ती थोडी हालली. एक गाठ मात्र जास्त घट्ट झाली होती. ती आम्ही सोडून पुन्हा सैल बांधली.